काढलेले भय कुठे ठेवायचे

लवू तारीला पाण्याची भीती वाटत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होते. उंचीची वाटते, हे फक्त त्याच्या बायकोला, सुभद्रेला ठाऊक होते, आणि तिने ते गुपित इतक्या इमानाने सांभाळले होते की नारळ पाडायला माणूस आला, की ती आपणहून म्हणायची, "तुमी आत जावा, चाय झाली हा." चहा झालेला नसायचा. लवू तरी आत जायचा. दुसऱ्याचे पाय माडावर चढताना पाहूनसुद्धा त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायचे.

एरवी माणूस वाघ. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी त्यांचे गाव. तिथे वाळूचा असा एक पट्टा आहे की चार पिढ्यांच्या होड्या त्याने गिळल्या. लवू वारा सुटलेला असताना त्या पट्ट्यावरून होडी आत आणायचा, एका हाताने मशीनचा दांडा धरून आणि दुसऱ्या हाताने तंबाखू मळत. बघणाऱ्यांना वाटे, ह्याला काळीजच नाही. काळीज होते. ते जमिनीपासून फार वर गेले की बंद पडायचे, एवढेच.

अशा माणसाच्या पोटी देवाने रिया घातली. देवाला विनोदाची आवड आहे, आणि त्याला श्रोते लागत नाहीत. बारावी झाल्यावर रियाने जाहीर केले की ती वैमानिक होणार. लवूने नाही म्हटले नाही. नाही म्हणायला कारण द्यावे लागते, आणि खरे कारण दिले असते तर माडाची गोष्ट निघाली असती. पोरगी विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये दाखल झाली. लवूने मग कोकणातला बाप अशा वेळी जे करतो ते केले. तो देवळात गेला.

त्यांच्याकडे देवाशी खाजगीत बोलायची पद्धत नाही. मागणे असेल तर गाऱ्हाणे घालायचे. देवासमोर उभे राहून ते मोठ्याने मांडायचा मान बाबलीच्या घराण्याचा, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून मान्यता द्यायची. लवू मुद्दाम गर्दी नसताना गेला, तरी चार माणसे निघालीच.

"वायच हळू घाल," तो बाबलीच्या कानाशी म्हणाला.

"हळू घातलेला गाऱ्हाणा देवाक आयकाक येणा नाय," बाबली म्हणाला आणि छाती भरून त्याने सुरुवात केली. "बा म्हाराजा! ह्या लवू ताऱ्याच्या चेडवाक विमानाचो नाद लागलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तो नाद तिच्या मनातसून जाऊंदे!"

"व्हय म्हाराजा!"

लवूचे मागणे इथे संपत होते. पण बाबली रंगात आला होता, आणि रंगात आलेल्या बाबलीला थांबवणे खुद्द देवालाही आजवर जमलेले नव्हते. "विमानात बसली काय तिचे हात गार पडूंदे! तिच्या काळजात भय बसूंदे! आणि ती आपल्या पायान घराक परत येऊंदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. लवू सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

थंडी पडू लागली आणि रिया घरी परत आली. आपल्या पायाने आली. बरोबर दोन खोके होते. त्यांतून एक काठी निघाली, पायाखाली दाबायची दोन पेडल निघाली, वेग कमीजास्त करायचा एक लहानसा दांडा निघाला, आणि हे सगळे तिने ओटीवरच्या जेवणाच्या टेबलावर आणि टेबलाखाली मांडून लॅपटॉपला जोडले. घरच्या घरी विमान उडवायचे यंत्र, ती म्हणाली. सुभद्रेने भाताचे पातेले कुठे ठेवायचे एवढेच विचारले.

जेवताना लवूने सहज विचारावे तसे विचारले, "सुट्टी पडली काय गो?"

"सुट्टी नाय, बाबानू." रिया माशाचा काटा काढत राहिली. काटा केव्हाच निघाला होता. "सगळा जमता. उडवूक जमता, वळवूक जमता. पण उतरताना जमीन अशी वर येवक लागली की माझे हात गार पडतत. बोटां हलणतच नाय. सरांनी माझ्या हातातली काठी काढून घेतली. एकदा न्हय, चार वेळा. मगे म्हणाले, घरी जा, मन ताळ्यावर आण आणि ये."

लवूच्या घशात भाताची शिते अडकली. सुभद्रेने पाठीत थापट्या मारल्या.

"मगे आता?" त्याने पाणी पिऊन विचारले. "सोडलंस?"

"सोडू कित्याक? परत जातलंय. जमला की एकटीक उडवूक देतले."

एकटीला. म्हणजे काठी काढून घ्यायला बाजूला सर नसणार. लवूने ताटाकडे पाहिले, पण त्याला दिसले ते आकाशात एक लहानसे विमान, त्यात त्याची पोर, आणि तिची गार पडलेली, न हलणारी बोटे. ती बोटे देवाने गार केली नव्हती. ती लवूने गार करून घेतली होती, चार साक्षीदारांच्या समोर. रिया परत जाणार हे तर ठरलेलेच होते. हट्टाच्या बाबतीत ती आईवर गेली होती. ते भय ती सोबत घेऊन जाणार की इथे ठेवून जाणार, एवढाच प्रश्न उरला होता.

हात धुऊन तो तसाच देवळाकडे सुटला. बाबली देवळामागे स्कूटरचा प्लग पुसत बसला होता.

"बाबली, ता गाऱ्हाणा परत घेवचा हा."

"परत?" बाबलीने प्लगमध्ये फुंकर मारली. "ह्या देवाचा देऊळ हा रे, ऑनलाइन दुकान न्हय. घालून बघितला, अंगाक बसला नाय, पाठवला परत!"

"मी नाद घालव म्हटलंलंय. भय घाल म्हणान तुका कोणी सांगितल्यान?"

"आणि व्हय म्हाराजा कोण म्हणालो? सगळ्यांत मोठ्यान?"

 लवू देवळाच्या पायरीवर बसला. त्याचा चेहरा पाहून बाबलीने प्लग खाली ठेवला.

"बरा, बरा. काढूया भय. पण काढून ठेवूचा खंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? भय काय धूर हा, उडान गेला? एकाच्या अंगातसून काढला की दुसऱ्याच्या अंगात जाताच. जागो सांगूक होयो. नायतर वाटेत भेटात तेका धरतला. उद्या सुभद्रावयनीक लागला तर माझ्या नावान बोंब मारशीत."

लवू विचारात पडला. बांधावरून ज्याच्याशी त्याचा अबोला होता, तो सत्यवान क्षणभर त्याच्या मनात येऊन गेला. पण सत्यवान मुळातच इतका भित्रा की त्याच्यात आणखी भय मावेल अशी खात्री देता येत नव्हती. आणि ओसंडून पुन्हा पोरीवरच आले तर?

"माझ्यात घाल," लवू म्हणाला.

बाबलीने त्याच्याकडे नीट पाहिले. "लवू, तू दर्यार जातस रे."

"घाल म्हणतंय ना!"

या खेपेला बाबलीने गाऱ्हाणे हळू घातले. देवळात दोघेच होते, त्यामुळे 'व्हय म्हाराजा' लवूला एकट्यालाच म्हणावे लागले. आवाज नीट फुटला नाही. देवाला तो ऐकू गेला की नाही, ही नवीन काळजी घेऊन तो घरी आला.

वाटेत त्याने आपल्या अंगात कुठे काही शिरले का ते चाचपून पाहिले. काही वाटेना. घरी रिया टेबलाशी बसून धावपट्टीवर उतरत होती. पडद्यावर जमीन वर आली, रियाची बोटे काठीवर पांढरी झाली, विमान नाकावर आपटले आणि पडदा काळा झाला. म्हणजे भय तिथेच होते, किंवा अजून वाटेत होते.

"माका शिकव," लवू म्हणाला.

रियाने मान वळवून पाहिले. स्वयंपाकघरातून सुभद्राही डोकावली.

"तुमका?"

"कित्या? माका हात नाय?" हातांत भय उतरले की नाही हे बघायला दुसरी जागा त्याला सुचत नव्हती, पण ते त्याने सांगितले नाही.

रियाने खुर्ची सोडली आणि बाजूला स्टूल ओढून घेतले. काठी मागे ओढली की नाक वर, पुढे ढकलली की नाक खाली, ती सांगू लागली. नाक फार वर केले तर वेग मरतो, पंखांना हवा धरून ठेवता येत नाही आणि विमान दगडासारखे खाली येते. म्हणून नजर लांब, आकाश जिथे टेकते त्या रेषेवर. काठी चिमटीत धरायची, मुठीत नाही. सांगताना तिचा आवाज अगदी शांत होता. तिने जवळच्या चिपी विमानतळाची धावपट्टी उघडली. दांडा पुढे केला, यंत्र घरघरले, आणि लवूच्या घरातले जेवणाचे टेबल पारुळ्याच्या पठारावरून वर उचलले गेले.

निदान लवूला तसे वाटले. त्याने डाव्या हाताने टेबलाची कड धरली.

खाली किनारा उलगडत गेला. मालवण गेले. त्याच्या खाडीचे तोंड आले, दोऱ्याएवढे. ज्या वाळूच्या पट्ट्याला गाव नारळ देतो, तो वरून कापलेल्या नखाएवढा दिसत होता. त्याने आपले घर शोधले. घराच्या जागी संगणकाने तीन सारखी झाडे लावली होती. घर नाही, सुभद्रा नाही, हे टेबल नाही. मग तो बसला होता कशावर?

"आता उजवीकडे घेवा," रिया म्हणाली.

लवूने काठी डावीकडे ढकलली.

यात त्याचा दोष नव्हता. होडीच्या मशीनचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. त्याचे हात आयुष्यभर हेच करत आले होते आणि ते कोणाला विचारत नसत. विमान डावीकडे कलले.

"उजवीकडे, बाबानू!"

"उजवीकडेच घालतंय गो!" त्याने आणखी जोरात डावीकडे ढकलले. समुद्र पडद्यावर तिरका उभा राहिला. कुठूनतरी धोक्याचा, पिपाणीसारखा आवाज सुरू झाला.

"सोडा! काठी सोडा!"

"मशीन बंद कर!" लवू ओरडला. होडीत काही बिघडले की तो हेच करायचा. मशीन बंद केली की होडी थांबते, पाण्यावर डुलत राहते, मग माणसाला विचार करता येतो. "बंद कर, मगे बघूया!"

"वर थांबूक जागो नसता, बाबानू!"

 दर्या मोठा होत होत पूर्ण पडदाभर झाला, त्याच्या ओळखीचा दर्या, आणि त्याने लवूला गिळले. पडदा काळा झाला. पुन्हा सुरू करायचे का, असे यंत्राने नम्रपणे विचारले.

दर्यावर ज्याला उभ्या जन्मात कधी उलटी झाली नव्हती, तो होडीचा तांडेल घरच्या खुर्चीतून उठून मागल्या दारी गेला आणि जास्वंदीच्या मुळाशी ओकला. सुभद्रा आमसुलाचे पाणी घेऊन आली. "टेबल जाग्यारच हा," ती म्हणाली. "मी बघीत होतंय. हललाच नाय."

पण लवूच्या मनात एक विचित्र आशा होती. भ्यालो, म्हणजे पोचले असेल!

दुसऱ्या दिवशी त्याने रियाला उतरताना पाहिले. तिची बोटे पुन्हा पांढरी झाली. विमान आपटले. म्हणजे सगळे आले नव्हते, काही तिच्यात राहिले होते. उरलेले ओढून घ्यायला हवे होते. म्हणून तो रोज दुपारी होडी लावून आला की तोंड धुऊन त्या खुर्चीत बसू लागला, फाशीच्या कैद्याने स्वतःच दोर तपासावा तसा. रिया शिकवायची. तो पडायचा. वेंगुर्ल्याच्या समुद्रात पडला, देवगडच्या आंब्यांत पडला, एकदा तर उड्डाण करायच्या आधीच धावपट्टीवरून घसरून गवतात पडला. गावात बातमी गेली. सत्यवानाने बांधाच्या पलीकडून, अबोला न मोडता, स्वतःशीच मोठ्याने म्हटले, "काय जण दर्यात मरणत नाय म्हणान घरात मरतत."

हळूहळू लवूला विमान सरळ ठेवता येऊ लागले. नजर लांब, रेषेवर. काठी चिमटीत. पण भीती कमी व्हायचे नाव घेईना. उलट ती शहाणी होत गेली. आधी तो नुसताच भ्यायचा. आता कशाकशाला भ्यायचे ते त्याला कळू लागले. आडवा वारा, मेलेला वेग, फार वर गेलेले नाक. सकाळी होडीत बसल्यावर आकाशाकडे त्याची नजर जायची आणि पोटऱ्यांत गोळा यायचा. खालून आकाश रिकामे वाटते. त्याला आता ते रिकामे वाटत नव्हते.

रिया निघायच्या आदल्या दुपारी तिने चिपीवर आडवा वारा लावला. "आज तुमी उतरवा," ती म्हणाली. "मगे मी."

धावपट्टी समोर दिसत होती. वारा विमानाला डावीकडे लोटत होता. लवूने नाक सांभाळले, वेग सांभाळला. मग जमीन वर येऊ लागली. त्याने होडी शेकडो वेळा किनाऱ्याला लावली होती, पण किनारा कधी असा उठून अंगावर आला नव्हता. धावपट्टी उजवीकडे सरकली. उजवीकडे घ्यायला हवे होते. त्याच्या हातांनी, कोणाला न विचारता, काठी डावीकडे ढकलली.

पंख कलला. पिपाणी वाजली. लवूला कळत होते काय चुकले ते, आणि बोटे हलत नव्हती. ती त्याची बोटेच नव्हती. गार, लाकडी, दुसऱ्याची.

"बाबानू!"

लवूने डाव्या हाताने टेबलाची कड धरली.

"माझ्याकडे द्या!" रियाने स्टूलवरून उडी मारली, त्याच्या मुठीवरून काठी धरली आणि त्याच्या हातासकट उजवीकडे नेली. दुसऱ्या हाताने दांडा मागे. नाक सावरले, पंख सरळ झाला, जमीन वर येत होती, येत होती, आणि तिने काठी अलगद मागे घेतली, अगदी थोडी, आणि तशीच धरून ठेवली. विमान धावपट्टीवर टेकले, उडाले, पुन्हा टेकले, वाकडेतिकडे धावत गवताच्या कडेला जाऊन उभे राहिले. पडदा काळा झाला नाही.

रिया बापाच्या खांद्यावर ओणवी तशीच उभी राहिली. "उतरला," ती म्हणाली. मग मोठ्याने, "आये, उतरला गो!"

"बरा झाला," सुभद्रा आतून म्हणाली. "टेबल आता मोकळा होयत?"

लवूची मूठ काठीवरून सुटेना. शेवटी सुभद्रेने खोबरेल लावून एकेक बोट उलगडले. त्या मुठीवर मघाशी रियाचा तळवा होता, आणि तो ऊन होता, भाकरीसारखा. लवूने एवढे मात्र ध्यानात ठेवले. आले, तो मनात म्हणाला. सगळे आले.

रियाने त्या संध्याकाळी आणखी चार वेळा विमान उतरवले. चारही वेळा ते उतरले. सकाळी ती गेली.

मग काही दिवसांनी तिचा निरोप आला: आज सरांबरोबर एक फेरी, जमली तर लगेच एकटी. लवूने होडी काढली नाही. वारा नव्हता, दर्या ताकासारखा शांत होता, सगळ्या होड्या गेल्या होत्या, आणि लवू तारी मागल्या दारी फोन मांडीवर घेऊन बसला होता. त्याला विदर्भातले आकाश दिसत होते. तिथे वारा कुठून वाहतो हे त्याला माहीत नव्हते, म्हणून तो सगळ्या दिशांनी वाहत होता. पिपाणी वाजत होती. शेजारी सुभद्रा विळी घेऊन बसली होती, परातीत कोळंबी होती.

फोन वाजला तेव्हा तो त्याच्या हातातून परातीत पडला. सुभद्रेने तो काढून, पदराला पुसून त्याच्या कानाला लावला.

"बाबानू, उतरलंय! एकटी! एकटी गेलंय आणि एकटी उतरलंय!"

"हात?" लवूला एवढेच विचारता आले.

"हात काय? हात बरे आसत!" ती हसत होती, मागे कोणीतरी टाळ्या वाजवत होते. "ठेवतंय आता. उद्या परत हा. आता रोजच!"

लवूने लांब श्वास सोडला आणि भय जाण्याची वाट पाहिली. काम झाले होते, आता ते जायला हरकत नव्हती. तो थोडा वेळ थांबला. मग आणखी थोडा. ते गेले नाही. ते त्याच्या पोटात पाय पसरून बसले होते, मुक्कामाला आल्यासारखे.

"रोजच म्हणाली गो," तो सुभद्रेला म्हणाला.

"मगे? शिकलीसा ती एका दिवसासाठी?"

"म्हणजे माका ह्या रोज असाच होतला?"

सुभद्रेने कोळंबीचे डोके मोडून बाजूला टाकले. "तुमी त्या वाळूच्या पट्ट्यावरून भायर पडलात की माझा सुरू होता. होडी परत दिसली की थांबता. दुसऱ्या दिवशी परत."

 लग्नाला इतकी वर्षे झाली होती. "इतक्या वर्सांत तू कधी बोललस नाय?"

"बोलान काय होतला? तुमी दर्यार जावचे थांबतलास?"

"मगे तू करतस काय?"

"करतलंय काय? जेवान करतंय." तिने पाट थोडा सरकवून त्याला जागा केली आणि परात दोघांच्या मधे ओढली. "हात रिकामे ठेवू नकात. ह्यो सोला. पाठीतलो काळो दोरो काढूक इसरू नकात, पोटाक बाधता."

लवूने एक कोळंबी उचलली. साल निघाली. दोरा एका ओढीत यायला हवा होता. तो मधेच तुटला. त्याने घाईघाईने दुसरी उचलली.

"सावकाश," सुभद्रा म्हणाली. "ती उद्या सकाळी उडतली."